आग्नेयेकडे तोंड करून

वास्तुशास्त्रवाल्यांच्या मते आग्नेय ही चुलीची दिशा. उपग्रह सोडणाऱ्यांना हे कुणी विचारलेलं दिसत नाही. डीडी फ्री डिश ज्या जीसॅट-१५ वरून येते, तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या डोक्यावर, जवळजवळ ३६ हजार किलोमीटर उंच ठाण मांडून बसला आहे. साताऱ्यातल्या गच्चीवरून त्याला शोधायचं तर आग्नेयेकडेच पाहावं लागतं. २००४ साली सुरू झालेल्या या सेवेला महिन्याचं भाडं नाही. फुकट ते पौष्टिक या न्यायाने बाजारातून बॉक्स येतो, छत्री येते, आणि मागोमाग वायरमन येतो.

वायरमनकडे होकायंत्र नसतं, शेजारच्या गच्चीवरची छत्री असते. ती जिकडे बघते तिकडे आपली वळवायची, पुढचं देवाच्या आणि पान्याच्या हातात. आता गच्चीवर सल्लागार जमतात. त्यांतला एक हमखास म्हणतो, "अहो, ही तर समोरच्या नारळाकडे बघतेय, जरा वर करा की!" छत्री नारळाकडे बघत नसते. तिची घडणच तिरपी असते. ती दिसते त्याहून वीसेक अंश वरचं पकडते, म्हणून उपग्रह साठ अंशांवर असूनही छत्री बरीच उभी वाटते. पण वायरमन हे समजावत बसत नाही. तो "हो काका" म्हणतो आणि नट पिळतो.

खाली टीव्हीवर दोन पट्ट्या दिसत असतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथ ऐंशीवर गेली की घरात आनंदीआनंद, पण तिच्यावर भाळू नये. पोरगं शाळेत जातंय एवढंच ती सांगते, पास होतंय की नाही ते क्वालिटीला विचारायचं. छत्री भलत्याच उपग्रहाकडे लागली तरी स्ट्रेंथ भरलेली आणि क्वालिटी शून्य.

मग सुरू होते आरोळ्यांची साखळी. वरून वायरमन, जिन्यात आई, टीव्हीसमोर चिरंजीव. "आली का?" "काय?" "क्वालिटी!" "आली... गेली!" यातला 'आली' वर पोचेपर्यंत छत्री बोटभर पुढे सरकलेली असते. उपग्रहापर्यंत जाऊन परत यायला सिग्नलला पाव सेकंद लागतो, हॉलमधून गच्चीवर पोचायला मात्र त्याच्या कितीतरी पट. मोबाइलने हे सोपं व्हायला हवं होतं. पण एका हातात पाना आणि दुसऱ्यात छत्री असताना तो धरायचा कशाने?

एकदाचं सह्याद्रीवर बातमीदाराचं तोंड दिसलं की नट आवळले जातात, चहा होतो.

खरी परीक्षा मृगाच्या सरींत. या लहरी जेमतेम अडीच सेंटीमीटर लांबीच्या. मुसळधार पाऊस त्यांना वाटेतच गिळतो. पडद्यावर 'नो सिग्नल' झळकतं आणि घरातला कर्ता पुरुष छत्री घेऊन छत्रीकडे निघतो. त्याला अडवा. सर ओसरली की चित्र आपोआप परततं; मात्र त्याने तिथे हात घातला असेल तर परतत नाही. त्यापेक्षा मे महिन्यातच कनेक्टरवर चांगली टेप गुंडाळून घ्या, आणि खिडकीतून आत शिरण्याआधी वायरीला खाली एक झोळ सोडा, म्हणजे पाणी तिथेच टपकेल, बॉक्सपर्यंत येणार नाही.