रकान्यातलं स्वातंत्र्य

बी.एड.च्या छात्राध्यापकाला नागरिकशास्त्राचा सराव पाठ घ्यायचा, तर आदल्या रात्री टाचण काढावं लागतं. डाव्या रकान्यात शिक्षक कृती, उजव्या रकान्यात विद्यार्थी कृती. म्हणजे ‘मूलभूत हक्क’ या घटकावर सातवी ब उद्या काय बोलणार, ते तिने तोंड उघडण्याआधीच लिहून, मार्गदर्शकांची सही होऊन तयार. (भाषणस्वातंत्र्याच्या कलम 19 ची इतकी चोख व्यवस्था संविधानसभेलाही सुचली नसेल.) इतिहासाच्या तासाला एखाद्या कार्ट्याने ‘सर, हे कशावरून?’ असं विचारलंच, तर पंचाईत. त्याला रकानाच नाही. मागच्या बाकावर निरीक्षक फलकलेखनाचे गुण मांडत असतात.

2015 पासून बी.एड.चा अभ्यासक्रम एकाऐवजी दोन वर्षांचा झाला. वाटलं, आता बखर आणि अस्सल पत्र यांतला फरक तपासायला तरी सवड मिळेल. फायली मात्र जाड झाल्या. पुढे भरतीसाठी 200 गुणांची चाचणी: अभियोग्यता 120, बुद्धिमत्ता 80. त्यातून तरून रुजू झालं, की बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून मतदारयाद्या घेऊन दारोदार. नागरिकशास्त्राचं तेवढं प्रात्यक्षिक सरकार अगदी मनापासून करून घेतं.