विषय क्रमांक पाच

आमच्या कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा सकाळी 11 वाजता होती. गणसंख्या भरली नाही म्हणून ती तहकूब झाली आणि साडेअकराला त्याच मांडवात, तेवढ्याच माणसांसमोर पुन्हा सुरू झाली. आता गणसंख्येची गरज नव्हती. ही सोय नोटिशीत 14 दिवस आधीच छापली होती. पावसाचा अंदाज चुकतो. आमच्या सेक्रेटरींचा नाही.

सहकार कायद्याचं 72 वं कलम सांगतं, संस्थेचा अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचा. म्हणजे माझा. वडिलांमागे त्यांचा शेअर माझ्या नावावर झाला तेव्हापासून मी या कारखान्याचा मालक आहे. फरक इतकाच, की मालकाला उसाचा ट्रॅक्टर घेऊन गेटबाहेर रात्रभर रांगेत थांबावं लागतं आणि संचालकांची गाडी आली की बाजूला व्हावं लागतं.

अहवाल छान निघालाय. गुळगुळीत कागद, पहिल्या आठ पानांत चेअरमनसाहेबांचे अकरा फोटो. रोलर पूजन, बॉयलर अग्निप्रदीपन, गव्हाणीत मोळी टाकताना, साखरेच्या पोत्याला हळद-कुंकू वाहताना. एवढ्या पूजा पंढरपुरातही होत नसतील. काट्याचं पूजन मात्र दिसलं नाही. काट्याजवळ फार वेळ उभं राहू देत नाहीत, म्हणून फोटोग्राफरची अडचण झाली असावी. लेखापरीक्षकांचे शेरे शेवटच्या पानावर आहेत. ते वाचायला भिंग लागतं आणि भिंगाला अंदाजपत्रकात तरतूद नाही.

विषय क्रमांक एक, श्रद्धांजली. सगळे उभे राहिले. मयत सभासदांची नावं वाचली गेली. यातले बरेच जण मतदारयादीत अजून हयात आहेत, कारण वारसनोंदीचे अर्ज ऑफिसात पडून आहेत. तसा मयत सभासद संस्थेला सोयीचाच. तो मत देतो आणि प्रश्न विचारत नाही.

विषय दोन, मागील सभेचं इतिवृत्त. ‘सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.’ मागल्या साली चार खुर्च्या मोडल्या होत्या. मंजूर.

हा ‘मंजूर’ कुठून उमटतो, हे जाणकारांनी अभ्यासावं. पहिल्या तीन रांगांत कारखान्याचे कामगार आणि संस्थेच्या शाळेतले मास्तर बसतात. सेक्रेटरी ‘विषय क्रमांक’ एवढंच म्हणाले, की तिकडून ‘मंजूर, मंजूर!’ येतं. तीन आणि चार असेच गेले. तेवढ्यात विषय कोणता होता, हे सेक्रेटरींनाही कळलं नसावं.

मग आला विषय पाच : ‘अंदाजपत्रकापेक्षा जास्त झालेल्या खर्चास मंजुरी देणे.’ काय वाक्य आहे! खर्च कुणी केला? झाला. पाऊस होतो, सर्दी होते, तसा खर्चही ‘झाला’.

मागून एक म्हातारा उठला. धोतर, टोपी, हातात घडी घातलेला अहवाल. त्याने एकच शब्द विचारला, ‘‘किती?’’

आणि माईक बंद पडला. पाऊण तास साहेबांचं भाषण बिनतक्रार झेलणारा माईक या एका शब्दाने गेला.

साहेब शांतपणे हसले. ‘‘आबा, तुम्ही ऑफिसला या. चहा घेऊ, सगळं दाखवतो.’’ मंजूर, मंजूर!

साहेबांच्या भाषणात दरसाल प्रवरानगर येतं. यायलाच हवं. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून शेअर गोळा केले, 1950 साली तिथे कारखाना उभा राहिला आणि चेअरमन झाले पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. अर्थशास्त्राचा माणूस चेअरमन! ते आमच्या व्यासपीठावर असते, तर विषय पाचला आबांच्या आधी त्यांनीच ‘किती?’ विचारलं असतं. अशा माणसाला आज पॅनेलमध्ये कोण घेईल?

त्याही मागे जायचं तर 1875 साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. अशा कर्जातून कुणबी सुटावा म्हणून 1904 साली सहकाराचा पहिला कायदा आला. सावकाराच्या वहीतला आकडा खोटा असे, पण असे. आमच्याकडे त्याच्या जागी ‘झालेला खर्च’ आहे.

ऊस नियंत्रण आदेश 1966 सालचा. ऊस गेल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वर्षाला 15 टक्के व्याज. ते व्याज मी पाहिलेलं नाही आणि पाहिलेला माणूस आमच्या गावात नाही. सभेची नोटीस मात्र अगदी 14 दिवस आधी येते. बिलातून कपातीही वेळेवर होतात. एक परतीची ठेव, एक बिनपरतीची. त्यातली बिनपरतीची मला जास्त प्रामाणिक वाटते.

शेजारचा कारखाना कर्जात गेला, अवसायक आला, लिलाव झाला, खासगी झाला. तिथे आता सभा नाही, मांडव नाही, जिलेबी नाही. मालक मी, असं तिथे कुणी म्हणू शकत नाही. इथे निदान म्हणता तरी येतं, आणि कायदा अजून माझ्या बाजूने आहे. कितीही शेअर असोत, मत एकच. साहेबांचंही आणि माझंही.

पण खरं सांगतो, विषय पाचला मीही ‘मंजूर’ म्हणालो. दिवाळीच्या सवलतीच्या साखरेचं कार्ड खिशात होतं.

वाचकहो, तुमच्याही सोसायटीची, पतसंस्थेची, दूध संघाची सभा 30 सप्टेंबरच्या आत असेल. जिलेबीच्या आधी विषय पाच येईल. उठा आणि ‘किती?’ एवढंच विचारा. माईक बंद पडला, तर मोठ्याने विचारा.