बघायला की राहायला?

प्रवासानं माणूस बदलतो, असं सांगणाऱ्यानं आधी एवढंच सांगावं : मुक्काम किती रात्रींचा होता?

आपल्याकडून माळव्याची सहल निघते ती इंदूर, उज्जैन, ओंकारेश्वर, मांडू अशी. चार रात्री. सोबत स्वयंपाकाला आपलीच माणसं, ताटात वरणभात, बसमध्ये गप्पा मराठीत. यात पुण्य आहे, विश्रांती आहे, आणि दोन्ही माणसाला लागतात. परत आल्यावर ‘मी आतून बदललो’ म्हणतात, तिथे मात्र मी अडतो. ज्या मुलखाशी धड बोलणंही झालं नाही, तो तुम्हाला बदलणार कसा?

माळव्यानं बदललेला माणूस पाहायचा तर देवासला चला. ३० जानेवारी १९४८. गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी गायक कुमार गंधर्व देवासला आले. वय २३, आजार क्षयाचा. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्म, मुंबईत देवधर मास्तरांकडे शिक्षण. मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब गाऊन दाखवणारा मुलगा म्हणून लहानपणीच नाव झालेलं. कोरडी हवा मानवेल म्हणून ते इथे आले आणि गाणंच बंद झालं. डॉक्टरांची सक्त मनाई. पाच-एक वर्षं अशीच गेली. शुश्रूषेला पत्नी भानुमती.

गळा बंद होता, कान उघडे होते. बायका लग्नाची, सणावाराची गाणी म्हणत, नाथपंथी जोगी निर्गुणी भजनं गात. चार-पाच सुरांत फिरणाऱ्या त्या मालवी धुनांत रागाचं बीज असतं, हे त्यांना अंथरुणावर पडल्या पडल्या उमगलं. पुढे त्या धुनांतून मालवती, लगनगंधार, संजारी, सहेली तोडी असे राग उभे राहिले. त्यांना ते धुनउगम राग म्हणत. स्ट्रेप्टोमायसिननं जीव वाचला, पण एक फुफ्फुस जवळजवळ कामातून गेलं. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले, तेव्हा दुसऱ्याचं हुबेहूब गाणारा तो मुलगा उरला नव्हता. आखूड, धारदार तानांचं ते गाणं फक्त त्यांचं होतं.

याच देवासात त्याआधी १९२१ साली इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर संस्थानाच्या थोरल्या पातीचे राजे तुकोजीराव पवार यांचा खासगी चिटणीस म्हणून राहिला होता. हिंदुस्थानावरची त्याची कादंबरी तेव्हा अर्धवट पडली होती. मायदेशी परतल्यावर त्यानं ती पूर्ण केली. १९२४ साली ती ‘अ पॅसेज टु इंडिया’ म्हणून प्रसिद्ध झाली. एकाला आजारानं आणलं, दुसऱ्याला नोकरीनं. दोघांचाही तो मुक्काम देवास बघण्यासाठी नव्हता. म्हणूनच देवास दोघांनाही लाभलं, असं मी ठामपणे म्हणतो.

सगळ्यांना पाच वर्षं काढता येणार नाहीत, हे उघड आहे. क्षय तर कुणाच्याच वाट्याला न येवो. पण आठ दिवस? देवासहून भोपाळच्या रस्त्यानं सोनकच्छ, आणि महामार्ग सोडून आत गेलं की पीपलरावां. नगर परिषदेचं छोटं गाव. सहलीच्या पत्रकात त्याचं नाव मी कधी वाचलेलं नाही. तिथे कुणाच्या ओळखीनं एक खोली मिळवा. जे शिजेल ते खा. मालवी बोली पहिले दोन दिवस निम्मीच कळेल. न कळलेलं समजून घ्यायची घाई करू नका, नुसती ऐका. कुठे लग्नघर असेल तर ओट्यावर बसून बायकांची गाणी ऐका, फोन खिशात ठेवून.

आणि ‘इथे काय बघायला आलात?’ असं कुणी विचारलं, तर ‘काही नाही, राहायला आलोय’ असं सांगा.