शिंगोजी

ईडन प्रेरी हे मिनिआपोलिसच्या नैर्ऋत्येचं उपनगर. १८५२ साली एलिझाबेथ एलेट नावाची लेखिका इथे येऊन गेली, इथलं माळरान तिला बायबलातल्या नंदनवनासारखं वाटलं आणि तिने गावाला हे नाव देऊन टाकलं. ती जानेवारीत आली नसणार. याच गावातून पर्गेटरी नावाचा ओढा वाहतो. पर्गेटरी म्हणजे स्वर्गाच्या दाराबाहेर पापं भाजून काढायची जागा. शिंगोजीचं गॅरेज नंदनवनात असलं, तरी तिथला वास ओढ्याच्या नावाला शोभणारा आहे.

शिंगोजी हे नाव त्याला आम्ही मराठी शेजाऱ्यांनी ठेवलं. तो निवृत्त मशिनिस्ट आहे आणि ठासणीच्या बंदुकीच्या शौकिनांसाठी दारू ठेवायची शिंगं बनवतो. ठासणीची बंदूक कोकणातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की हिला काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग चिंधीत बसवलेली गोळी घालायची, गजाने ठासायची आणि नेम धरेपर्यंत सावज थांबलंय अशी आशा करायची. ही दारू कोरडी ठेवायला बैलाच्या शिंगासारखी वस्तू नाही. वजनाला हलकं, पाणी शिरत नाही, दगडावर आपटलं तरी ठिणगी नाही. अमेरिकेत हे वेड जोरात आहे. यांची राष्ट्रीय संघटना १९३३ पासूनची, तिचे सामने इंडियानात फ्रेंडशिप नावाच्या गावी होतात. बंदुकांच्या सामन्याला मैत्री हे गाव मिळावं, यातली गंमत तिथे कुणालाच वाटत नाही. मिनेसोटात तर हरणांच्या शिकारीचा नेहमीचा हंगाम आटोपला, की नोव्हेंबरअखेर खास ठासणीवाल्यांचा वेगळा हंगाम सुरू होतो.

शिंगोजीचं गॅरेज दोन गाड्यांचं आहे. दोन्ही गाड्या बाहेर असतात. उणे पंचवीसमध्ये त्याची बायको फावड्याने बर्फ उकरून गाडी शोधत असते, तेव्हा आत हीटर लावून शिंगं उबेत बसलेली असतात. थंडीने शिंग तडकतं, असं त्याचं म्हणणं. बायको तडकते त्याची नोंद नाही.

काम मात्र बघत राहावं असं. शिंगाचं बूड गरम तेलात मऊ करायचं, लाकडी साच्यावर चढवून गोल करायचं, त्यात अक्रोडाच्या लाकडाचं बूच बसवून बारीक लाकडी खिळ्यांनी पक्कं करायचं. टोकाकडून पोकळीपर्यंत भोक पाडायचं. मग खरवडायचं, इतकं पातळ की उन्हाकडे धरलं तर आत किती दारू उरली ते बाहेरून दिसावं. टोकाला बुचासाठी व्हायोलिनची खुंटी. तेलात शिंग उतरलं की केस जळल्यासारखा वास तीन घरं ओलांडून जातो. आमच्याकडे सुक्या बोंबलाचा वास गेल्यावर याच माणसाने खिडक्या लावल्या होत्या.

शिंगोजीचा नियम असा, की १७८० नंतरचं हत्यार वापरायचं नाही. खरवडायला काचेचा तुकडा, घासायला कानस. कोपऱ्यात गोधडीखाली एक उंचवटा आहे. बेल वाजली की त्या गोधडीखालची घरघर थांबते आणि मगच दार उघडतं. हे आम्ही सगळे जाणतो आणि कुणीही बोलत नाही. त्याच्या वर्तुळात टाके मोजणारे लोक आहेत. ते जुन्या वेषाच्या मेळाव्यात दुसऱ्याचा अंगरखा उलटून शिवण मशीनची की हाताची ते तपासतात. शिंगोजी त्यांना घाबरतो आणि स्वतः दुसऱ्यांचे टाके मोजतो.

गिऱ्हाईक आलं तर आधी चौकशी. उपवर मुलीच्या बापाने स्थळाची करावी तशी. बंदूक चकमकीची की टोपीची? शिंग कुठल्या कुशीला लावणार, उजव्या की डाव्या? कारण बैलाच्या दोन शिंगांचा बाक उलटसुलट असतो आणि चुकीचं शिंग बरगडीला चिकटून न बसता बाहेर फडकत राहतं. नळीत दारू शिंगातून थेट ओतता का? इथे कुणी ‘हो’ म्हटलं, तर सौदा संपला. आधीच्या बाराचा निखारा नळीत धुमसत असेल तर अख्खं शिंग हातात फुटेल, म्हणून आधी मापात काढायची आणि मग नळीत, हे प्रवचन तो गवत कापायचं यंत्र परत करायला आलेल्यालाही देतो. सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे नव्या पद्धतीची ठासणी आणि दारूच्या तयार वड्या प्लॅस्टिकच्या नळीत घेऊन फिरणारा तरुण. असा एक जण आला होता. शिंगोजीने त्याला कॉफी पाजली, शिंग विकलं नाही.

खरा जीव कोरीवकामात. १७५४ ते १७६३ या काळात इंग्रज आणि फ्रेंच अमेरिकेत लढत होते, तेव्हा छावणीत बसलेल्या शिपायांनी आपापल्या शिंगांवर नाव, तारीख, किल्ले, नद्या, नकाशे कोरून घेतले. लेक जॉर्जच्या छावणीत जॉन बुश नावाचा एक कृष्णवर्णीय शिपाई शिंगं कोरत असे; त्याचं नाव निघालं की शिंगोजी टोपी काढतो. (त्याच युद्धाच्या काळात आपली फौज पानिपतावर उभी होती, हे मी त्याला सांगितलं. ‘मग त्यांची शिंगं कुठायत?’ असं त्याने इतक्या तळमळीने विचारलं, की मलाच हरवल्याचा आळ आल्यासारखं झालं.) त्या जुन्या शिंगांवर शुद्धलेखनाच्या भरपूर चुका सापडतात. त्यामुळे शिंगोजीही मुद्दाम चुका करतो. मुद्दाम नसलेली चूक झाली की तीही मुद्दाम होते. इतका निर्धास्त कारागीर मी दुसरा पाहिला नाही.

जुनेपणाचा पिवळा रंग यावा म्हणून तो शिंगं कांद्याच्या सालीत उकळतो. हे कळल्यापासून इथल्या मराठी घरांत कांदा वाया जात नाही. संक्रांतीच्या जेवणानंतर तिळगुळाआधी त्याची पिशवी भरते.

माझी आई यवतमाळहून आली, तेव्हा मी तिला कौतुकाने गॅरेज दाखवायला नेलं. तिने एक शिंग उचललं, हातात फिरवलं आणि म्हणाली, ‘बैल कुठाय?’ मी भाषांतर केलं. शिंगोजी गोंधळला. मिनेसोटा दुधाचा प्रदेश खरा, पण इथे वासरांची शिंगं लहानपणीच काढून टाकतात. धंद्यातली बरीचशी शिंगं परदेशातून येतात. ‘म्हणजे ज्याचं शिंग त्याचं नावही याला ठाऊक नाही?’ आईने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता बाकावरच्या शिंगांना नावं द्यायला सुरुवात केली. ढवळ्या, पवळ्या, सर्जा, राजा. मग तिने पोळ्याची खांदेमळणी सांगितली, शिंगांना लावायचा हिंगूळ आणि बेगड सांगितली. खांद्याला हळद लावतात म्हटल्यावर शिंगोजीने हळदीत एक शिंग उकळलं. सोन्यासारखं झालं. मेळाव्यात टाके मोजणाऱ्यांनीही माना डोलावल्या. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. दोन उन्हं खाऊन ते शिंग परत पांढरं पडलं. ‘मग पुढच्या पोळ्याला परत लावायची,’ आई म्हणाली. हा विचार त्याला अतिशय आवडला, कारण त्यात काम संपत नव्हतं.

तिच्या मानार्थ त्याने एका शिंगावर देवनागरीत ‘ढवळ्या’ कोरलं. शिरोरेषा मध्येच तुटली आणि ‘ळ’चा ‘ल’ झाला. मुद्दाम, असं तो म्हणाला. ते शिंग बघून मेळाव्यातल्या एकाने हा किल्ला कुठल्या नदीवर आहे म्हणून विचारलं, आणि शिंगोजीने, खोटं बोलायला नको म्हणून, पूर्वेकडच्या असं सांगितलं.

एवढी शिंगं बनवणाऱ्या या माणसाने आजवर एकही हरीण मारलेलं नाही. हरणं त्याच्या अंगणात रोज संध्याकाळी येतात आणि बायकोच्या होस्टाची पानं देठापासून खातात. त्यांच्यासाठी त्याने दुकानातून फवारा आणला आहे. प्लॅस्टिकच्या बाटलीतला.