एम्मे गवई

मुरुममध्ये शिकलेल्या पोरांचे दोनच प्रकार मानतात: नोकरी लागलेली आणि नोकरी लागणारी. एम्मे गवई दोन्हींत बसत नाही. तो पुण्याला, गणेशखिंडीतल्या विद्यापीठात संगीतात एम.ए. करतो. हैदराबाद रोडवर येणेगूरला उतरून तो गावात पोचतो न पोचतो तोच कुणीतरी अडवतं, "काय शिकायलास रं सध्या?" तो म्हणतो, "गाणं." समोरचा मान डोलावतो, तंबाखू मळतो आणि विचारतो, "ते बरं हाय. पण शिकायलास काय?"

वडिलांनी यावर तोडगा काढलेला असतो. पाहुण्यारावळ्यांना ते 'नेटची तयारी करायलाय' एवढंच सांगतात. नेट म्हटलं की प्राध्यापकी दिसते, प्राध्यापकीमागे पगार दिसतो, आणि मधे कुठं गाणं होतं हे कुणी विचारत नाही.

पहिल्या सेमिस्टरनंतर त्याच्यात फरक पडतो. टपरीवर अब्दुल करीम खाँसाहेबांचं नाव निघालं तर तो हातातला कप खाली ठेवून कानाची पाळी धरतो. पहाटे चारला उठून मोबाइलवर तंबोरा लावतो आणि खर्ज भरतो. शेजारची म्हातारी भिंतीपलीकडून विचारते, "म्हस आडलीय का गं तुमची?"

बोलण्यात 'संगीतरत्नाकर' तर पदोपदी येतो. शार्ङ्गदेवानं हा ग्रंथ तेराव्या शतकात लिहिला, यादवांच्या सिंघण राजाच्या पदरी, देवगिरीला. म्हणजे ग्रंथ आमच्या मराठवाड्यात झाला आणि तो शिकायला पोरगं पुण्याला खोली भाड्यानं घेऊन राहतं. अनुशेषाच्या एवढ्या याद्या निघाल्या, हा एक कुणी धरला नाही.

पूर्वी हाच पोरगा भजनात काळी चारला बिनघोर भिडायचा. पार वेशीपर्यंत ऐकू जायचं. आता त्याला काळी एक लागते, घसा धरलेला असतो, आणि सूर लावण्याआधी तो सुराची माहिती देतो. मला विचाराल तर गळा तेव्हा जास्त मोकळा होता. पण हे त्याला सांगायची सोय नाही, तो लगेच बावीस श्रुतींवर येतो. परवा त्यानं भजनी मंडळाच्या पेटीवाल्या आप्पांना ऐकवलं, "आप्पा, पेटीचा गंधार चढा असतो. म्हणून तर आकाशवाणीनं 1940 साली पेटीवर बंदी घातली. 1971 पर्यंत होती."

आप्पांनी भाता न थांबवता विचारलं, "मग आता गावात पेटी वाजायलीय का रेडिओ?"

खरी कसोटी सप्ताहात लागते. काकड्याला मंडळींनी कौतुकानं त्याला पुढं बसवलं. त्यानं डोळे मिटले, अहिरभैरव धरला आणि विलंबित आलाप सुरू केला. कोमल रिषभावर तो असा काही रेंगाळला की पखवाजवाला बाहेर जाऊन चहा पिऊन आला, तरी याचा पंचम लागायचा होता. शेवटी विणेकरी बाबांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "लेकरा, देवाला उठवायलास का निजवायलास?"

यातनं तो काही शिकतो असं नाही. चौथ्या सेमिस्टरला लघुप्रबंध लागतो, आणि त्याला विषय सुचतो तो आमच्याच भजनाचा. विषयाच्या नावात 'चिकित्सक अभ्यास' हे दोन शब्द असतातच, त्याशिवाय पुण्यात कागद हलत नाही. मग तो मोबाइल, वही आणि छापील प्रश्नावली घेऊन त्याच बाबांसमोर बसतो.

"बाबा, ही चाल कुठल्या रागातली?"

"माझ्या बापाची हाय."

तो वहीत 'मिश्र पिलू' लिहितो आणि पुढं प्रश्नचिन्ह टाकतो.

"कुणाकडून शिकलात?"

"बसत गेलो. आली."

प्रश्नावलीत गुरुपरंपरेसाठी सहा ओळी सोडलेल्या असतात. तो त्या कोऱ्या ओळींकडं बघत असताना बाबांनी अभंग सुरूसुद्धा केलेला असतो. पहिल्या चरणालाच ते थांबतात आणि टाळांची जोडी त्याच्याकडं सरकवतात. "रिकामं का बसलास? धर."

"बाबा, रेकॉर्डिंग चालू आहे. टाळाचा आवाज येईल त्यात."

"मग भजनात कशाचा यायचा?"