अष्टमीचं पाणी

पाऊणकीचा माणसाला आयुष्यात उपयोग काय, हा प्रश्न मला शाळेत पडला आणि उत्तर सासुरवाडीला मिळालं. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी असं सगळं आमच्या मास्तरांनी छडीच्या धाकानं पाठ करून घेतलं होतं. बाकीचं केव्हाच विरलं. पाऊणकी राहिली, कारण तिच्यावर समुद्र चालतो.

तिथीची पाऊणपट करायची, येईल तो आकडा म्हणजे मुंबईच्या भरतीची वेळ. प्रतिपदेला पाऊण, द्वितीयेला दीड, तृतीयेला सव्वादोन, चतुर्थीला तीन, एकादशीला सव्वाआठ. दिवसाची तीच, रात्रीचीही साधारण तीच. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एक नजर टाकली की कारकुनाचा तांडेल होतो! यातली मेखही मला ठाऊक आहे. भरती दर तिथीला सरासरी अठ्ठेचाळीस मिनिटं पुढे सरकते, पाऊणकी पंचेचाळीसच धरते. तीन-तीन मिनिटांची ही उधारी साचत साचत पौर्णिमेला पाऊण तासावर जाते. म्हणून पाऊणकी सव्वाअकरा सांगते आणि पाणी बाराच्या सुमारास भरतं. हे मी लग्नाच्या पंगतीत सांगितलंय, बाराव्याला सांगितलंय. सर्वांत चांगले श्रोते मिळतात भाऊच्या धक्क्यावर. तिथून लाँच जाते त्या उरणच्या मोरा बंदरात गाळ इतका साचलाय की मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही. फेऱ्या थांबतात आणि माणसं खोळंबतात. खोळंबलेल्या माणसाला पळून जायला जागा नसते. एकदा एका गृहस्थांनी मला विचारलं, “मग लाँच कधी सुटणार?” मी म्हणालो, “तिथी सांगा.” ते उठून पलीकडच्या बाकावर गेले.

असो. माझी सासुरवाडी उरण तालुक्यातलं चिरनेर, आणि चिरनेरचा जावई असणं सोपं नाही. जंगलाच्या जाचक कायद्याविरुद्ध २५ सप्टेंबर १९३० रोजी कोयते-कुऱ्हाडी घेऊन अक्कादेवीच्या डोंगराकडे निघालेलं हे गाव. पोलिसांनी गोळ्या घातल्या, तरी मागं न हटलेलं. पुढे खटला चालला तेव्हा आरोपींच्या बचावाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. अशा गावात मी आजवर पराक्रम काय केला, तर मटणाची दुसरी वाटी नाकारली. तीही सासूबाईंनी वाढलीच. त्यामुळे मेहुण्यानं खोपट्याच्या खाडीत फायबरची छोटी होडी ठेवल्याचं कळताच मी जाहीर केलं, “आम्ही दोघंच जाणार. करंज्याच्या तोंडापर्यंत. ओहोटीबरोबर जायचं, भरतीबरोबर यायचं. वल्हवायचीसुद्धा गरज नाही.”

मेहुण्यानं बहिणीकडे पाहिलं. बहिणीनं आढ्याकडे पाहिलं.

“आज अष्टमी ना?” ती म्हणाली.

“अष्टमी. आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती. साडेसहाला निघू.”

“बरं,” ती म्हणाली. हा ‘बरं’ मी इतकी वर्षं ऐकतोय, पण त्याची पाऊणपट मला अजून काढता येत नाही.

पाणी सहाच्या सुमारास भरलं. उधारी वजा जाता चोख! मी घड्याळ तिच्या नाकासमोर धरलं. मग आम्ही निघालो, तिवरांच्या मधून, डोक्यावर बगळे, आणि मी सुकाणूवर. सुकाणू नव्हतंच, मी मागे बसलो होतो एवढंच. मुख्य खाडी लांबचा वळसा घेते म्हणून उजवीकडचा एक अरुंद फाटा मी निवडला. “जवळचा रस्ता,” मी म्हणालो. थोड्या वेळानं होडीच्या बुडाखालून खरखर आली, मग मऊ आवाज आला, मग काहीच आवाज येईना.

बांबू घातला. गाळात तो कोपरभर गेला आणि तिथंच उभा राहिला. मी ओढला तेव्हा होडी हलली नाही, मी हललो.

“अष्टमीचं पाणी भांगाचं असतं,” ती म्हणाली. “भरतं वेळेवर, पण चढत नाही.”

हे खरं तर मलाही ठाऊक होतं. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र-सूर्य एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाण. मुंबईला पाणी साडेचार मीटरच्या वर जातं. अष्टमीला दोघांची ओढ काटकोनात, भरती सव्वातीन-साडेतीन मीटरवर दमते. ठाऊक सगळं होतं. पाऊणकी कधी ते सांगते, किती ते सांगत नाही, आणि किती हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

“मग निघताना बोलली का नाहीस?”

“तुम्ही घड्याळ दाखवत होतात.”

हळूहळू दोन्ही काठ उघडे पडले. निवट्या बाहेर आल्या. वीतभर लांबीचा हा मासा पुढच्या परांवर रेटत चिखलात चालतो, मधेच टुणकन उडी मारतो, कपाळावरचे डोळे गरगर फिरवून बघतो. एक निवटी होडीपासून हातभर अंतरावर येऊन थांबली. तिनं एक डोळा आत ओढून ओला करून घेतला आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. पाण्यातला मासा जमिनीवर आरामात होता आणि जमिनीवरचा माणूस पाण्यात अडकला होता. पाणीही नव्हतं म्हणा.

डबा उघडला. तांदळाची भाकरी, सुकट. खाता खाता ती म्हणाली, “पूल नव्हता तेव्हा आजी इथूनच जायची. चिरनेरची मडकी होडीत पेंढ्यात भरून, उरणच्या बाजाराला. भांगालाही जायची.”

“याच फाट्यातून?”

“याच. तेव्हा इथं बांबू बुडायचा.”

मग ती बराच वेळ बोलली नाही आणि मीही, हे विशेष. भराव पडले, बांध फुटले, मिठागरं गेली, पाण्याची वाट बदलली. शेजारच्या मोठ्या मालवाहू बंदराच्या विस्तारात मासेमारी गेली म्हणून २०१५ साली हरित लवादानं उरणच्या १६३० कोळी कुटुंबांना सुमारे पंच्याण्णव कोटींची भरपाई मंजूर केली. पण आजीच्या मडक्यांची वाट कुठल्या निकालपत्रात येणार? माझ्या पाऊणकीला तर खाडी जागेवर असणं गृहीतच आहे. मला राग आला, आणि तो काढायला समोर फक्त निवटी होती.

मोबाइलला रेंज होती, हे त्या दिवसाचं सर्वांत मोठं दुर्दैव. दुपार कलल्यावर पाणी परत चढू लागलं तेव्हा मेहुणा खारबांधावरून चालत आला. लुंगी वर खोचली, गुडघाभर गाळातून होडीपाशी आला, होडीकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, शेवटी माझ्या पोटाकडे पाहिलं.

“भावोजी, तुमी उतरा. होरी सुटल.”

मी उतरलो. गाळ मांडीपर्यंत आला. आणि होडी, सांगायला लाज वाटते, सुटली. मेहुणा चपळाईनं चढला, तरी ती तरंगतच राहिली. बायकोनं वल्हं हातात घेतलं. चिरनेरची मुलगी आहे हे मी इतकी वर्षं ऐकून होतो, त्या दिवशी पाहिलं.

“आता मी?” मी ओरडलो.

“बांधाबांधानं या! आई वाट बघतेय!”

बांधावर एक म्हातारे आजोबा चिंबोऱ्यांची पिशवी घेऊन उभे होते. कमरेपर्यंत काळ्या झालेल्या मला त्यांनी खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“कोनाकरचे पावने?”

मी सासऱ्यांचं नाव सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाले, “मंग तुमच्या बायकोला इचारायचा होता.”