स्मृतिपाल

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनारपट्टीवर, जेथे नारळी-पोफळीच्या वाड्या, कौलारू घरे आणि सेवानिवृत्त अव्वल कारकून या तिन्हींचे पीक सारख्याच मुबलकतेने येते, तेथे जवळजवळ प्रत्येक आळीत असा एक गृहस्थ आढळतो की, ज्याच्या माजघरातील वृद्ध संगणक उठल्याबसल्या ‘मेमरी कमी आहे’ अशी तक्रार पडद्यावर दाखल करतो आणि जो चष्मा पुसून, ती तक्रार प्रथमपासून अखेरपर्यंत वाचून, मनातल्या मनात ‘पाहिले’ असा शेरा मारून ‘ओके’चे बटण दाबतो. तक्रारीचा निपटारा झाला, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते.

मी या गृहस्थास स्मृतिपाल म्हणतो. त्याची हयात महसूल खात्याच्या अभिलेख कक्षात गेलेली. कागद अ, ब, क, ड अशा वर्गांत लावावेत, अ वर्ग कायम राखावा आणि ड वर्ग वर्षभराने नष्ट करावा, हा दंडक सरकारी दप्तराबाबत त्याने निष्ठेने पाळला. परंतु घरच्या संगणकाची छाननी करू जाता ड वर्गात घालण्याजोगे काही सापडतच नाही, असा त्याचा अनुभव आहे. ‘सातबारा अंतिम’, ‘सातबारा अंतिम सुधारित’ आणि ‘सातबारा अंतिम खरा’ हे तिन्ही अ वर्गात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने आडव्या पाडलेल्या पोफळींची पंचनाम्याकरिता काढलेली छायाचित्रे, नुकसानभरपाई जमा होऊन खर्ची पडली आणि नवी रोपे कमरेला लागली तरी, चार प्रतींत अ वर्गात. व्याह्यांकडून रोज पहाटे येणारी ‘सुप्रभात’ची सूर्योदयचित्रेही अ वर्गातच, कारण व्याह्यांकडील आवक नष्ट करणे मुलीच्या संसारास बाधक ठरेल. पडद्यावर कुलाबा किल्ल्याचे सुंदर चित्र लावले आहे असे तो सांगतो. चिन्हांच्या दाटीतून मला त्यातला एक बुरूज तेवढा दिसला.

वास्तविक यंत्राचे गाऱ्हाणे या साठवणुकीबद्दल नसतेच. पनवेलहून येणारा भाचा दर दिवाळीस हे समजावून सांगतो. “मामा, हार्ड डिस्क म्हणजे कपाट आणि रॅम म्हणजे टेबल. कपाट भरलंय ते वेगळं. आत्ता ओरडतंय ते टेबल. एक जीबीचं एवढंसं टेबल, त्यावर तुम्ही ब्राउझरचे चाळीस टॅब पसरलेत! जागा उरली नाही की तो टेबलावरचं उचलून कपाटात ठेवतो, लागलं की परत काढतो. त्या हेलपाट्यांतच त्याचा जीव जातो.”

स्मृतिपालास हा खुलासा पटतो. उपाय पटत नाही. प्रकरण निकाली निघण्यापूर्वी फाईल बंद करणे ही त्याच्या लेखी गंभीर अनियमितता असल्याने, महाभूलेखाचे पान फेरफार मंजूर होईतो आणि भरती-ओहोटीचे कोष्टक तर समुद्र आटेतो उघडे राहणे क्रमप्राप्तच होते. “मी टेबलावर पसारा ठेवणारा माणूस नव्हे,” तो गंभीरपणे म्हणतो, “ही सर्व चालू प्रकरणं आहेत.”

एका पावसाळ्यात यंत्र सुरूच होईना, तेव्हा भाच्याने त्याची बाजूची पत्र्याची झडप उघडली. खाऱ्या, दमट हवेने रॅमच्या पट्टीच्या सोनेरी कडेवर काळपट थर चढला होता. त्याने ती पट्टी अलगद काढली, शाळकरी खोडरबराने दोन्ही अंगांनी घासली, फुंकर मारली आणि दोन्हीकडचे खटके वाजेपर्यंत पुन्हा खाचेत दाबून बसवली. आतून निघालेली पालीच्या अंड्यांची दोन रिकामी कवचे मामी केरात टाकणार तोच स्मृतिपालाने ती काडेपेटीत ठेवून दिली. यंत्र सुरू झाले आणि चाळीस टॅबांचे ओझे नसल्यामुळे झरझर चालू लागले. भाचा विजयी मुद्रेने पाहत होता. मामांच्या चेहऱ्यावर मात्र चिंता दाटली. “फारच भरभर चालतोय. काहीतरी गेलं असणार.”

दोन जीबीची जुनी पट्टी स्वस्तात आणून देतो, असे भाचा म्हणाला, तेव्हा तीन दरपत्रके मागवल्यावाचून खरेदी करता येत नाही असे त्यास कळविण्यात आले. विंडोज ७ चा आधार कंपनीने जानेवारी २०२० मध्येच काढून घेतला आहे, ही त्याची दुसरी हरकतही टिकली नाही. निवृत्त झालेल्याने काम करू नये असा नियम दाखव, असे मामांनी सुनावले.

आणि स्मृतिपाल अलिबागचा असेल तर त्याच्यापाशी एक अमोघ अस्त्रही असते. मुंबईतील विजेच्या ट्रॅमगाड्यांमुळे चुंबकीय वेध बिघडू नयेत म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचे ते काम १९०४ साली अलिबागेस आले, हे तो सांगतो, १८५९ च्या सप्टेंबरातील प्रचंड चुंबकीय वादळाची नोंद कुलाब्याच्या कागदांत होती आणि एकविसाव्या शतकातील शास्त्रज्ञांनी ती काढून अभ्यासली, हेही सांगतो, आणि मग चष्म्यावरून पाहत विचारतो, “मधल्या काळात एखाद्या शहाण्याने जागा हवी म्हणून ते कागद जाळले असते तर?” मुद्दा बिनतोड आहे. वेधशाळेने त्या वादळासोबत आपल्या व्याह्यांचे सूर्योदय जपले नव्हते, एवढे भाच्याने म्हणावयास हवे होते. परंतु तेवढ्यात मामीने गरम घावने वाढली आणि प्रकरण तहकूब झाले.

ज्यांच्या घरी असा गृहस्थ असेल, त्यांना एवढीच विनंती की, त्याच्या गैरहजेरीत एकही खिडकी परस्पर बंद करू नये. प्रथम सकारण लेखी अर्ज करावा, त्याची एक प्रत संगणकातच ठेवावी आणि निर्णयासाठी निदान पुढच्या दिवाळीपर्यंत थांबावे.